एक, दोन, पुष्कळ आणि टँकर

दर मार्चमध्ये मी तीन याद्या करते. पहिली ऑफिसची, कारण एकतीस मार्च कुणासाठी थांबत नाही. दुसरी घरची: नवा माठ, वाळ्याची जुडी, पंख्याचा कंडेन्सर, साबुदाणा. तिसरी सोसायटीच्या टँकरची. नांदेडला गोदावरी गावातून वाहते, तरी आमच्या भागातल्या बोअरला एप्रिलमध्ये घरघर लागतेच, आणि मग बत्तीस फ्लॅटची यादी माझ्याकडे येते. "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे," असं म्हणून लोक काम गळ्यात घालतात. अक्षर चांगलं आहे हे खरं आहे. मी तक्रार करत नाही.

याच दिवसांत खिडकीखालून क्लासची मुलंमुली पुटपुटत फिरत असतात. सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत. कुणी हाडांची नावं घोकतं, कुणी रसायनांची. मी चहाचा कप घेऊन उभी राहते आणि ऐकता ऐकता माझ्या तोंडात भलतंच येतं. किताब, किताबान, कुतुब. बाब, बाबान, अबवाब. एक पुस्तक, दोन पुस्तकं, पुष्कळ पुस्तकं. एक दार, दोन दारं, पुष्कळ दारं. तीसेक वर्षं झाली. पासवर्ड विसरते, चष्मा कुठे ठेवला ते विसरते, पण हे जात नाही. आणि त्याच्या मागोमाग वास येतात: तापलेल्या पत्र्याचा, डाळ मिलच्या भुश्शाचा आणि टँकरच्या रबरी पाइपातून येणाऱ्या कोमट पाण्याचा.

तेव्हा मी अकरावीला होते, लातूरला. जिल्हा नवा होता आणि पाऊस जुना झाला होता, असं बाबा म्हणायचे.

बाबा महसूल खात्यात शिपाई. उस्मानाबादचा जिल्हा तोडून लातूरचा केला, तेव्हा दप्तरांबरोबर त्यांचीही वाटणी लातूरकडे झाली. आमचं बिऱ्हाड त्याच ट्रकमधून आलं, लाल कापडात बांधलेल्या गाठोड्यांच्या शेजारी. मी एका गाठोड्यावर टेकले तर बाबा ओरडले, "ऊठ, ऊठ. सरकार हाय त्ये. त्याच्यावर बसू न्हाई." मी उठून स्टोव्हवर बसले.

नवा जिल्हा म्हणजे काय, तर आधी रंगारी. गावभर पाट्या रंगवणं चाललेलं. 'जिल्हा उस्मानाबाद' झाकून 'जिल्हा लातूर'. घाईत एकच हात मारलेला, त्यामुळे उन्हात रंग तडकला की लातूरच्या आतून उस्मानाबाद डोकावायचं. तीन-चार उन्हाळे झाले तरी डोकावतच होतं.

अरबी मी घेतली ती बाबांच्या हिशेबानं. "निजामाच्या वक्ताचं समदं दप्तर त्या उलट्या अक्षरात हाय," त्यांनी सांगितलं. "वाचनारी म्हातारी मानसं रिटायर झाली. ज्याला वाचता येईल त्याला नोकरी." दप्तर उर्दूत होतं. कॉलेजात उर्दूचा तास माझ्या अर्थशास्त्राच्या तासावर येत होता, अरबीचा येत नव्हता. बाबांनी थोडा विचार केला. "अक्षर तेच हाय न्हवं? मग झालं." म्हणजे देवनागरी येते म्हणून नेपाळात नोकरी मागण्यासारखं. पण हे आम्हाला पुढे कळलं. तोवर माझं नाव लागून गेलं होतं.

वर्गात आम्ही तिघं. माझ्याच गल्लीतली रेहाना. तिला अरबी अक्षरं लहानपणापासून वाचता येत, पण त्यांचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता आणि तिला तो हवा होता. दुसरा शिरूर अनंतपाळचा बालाजी. त्याच्या घरी जमीन होती आणि जमिनीत त्या वर्षी काही नव्हतं. त्याला दुबईला जायचं होतं.

"तिथं बी पानी न्हाई," रेहाना त्याला चिडवायची.

"पर पगार हाय," तो म्हणायचा.

तिसरी मी, दप्तर वाचायला निघालेली. तिघांची तीन कारणं आणि तिन्ही अर्धवट.

शिकवायला काझी सर. मूळ नांदेडचे. कॉलेजात कायम नव्हते, तासांवर नेमलेले. आमच्याच गल्लीच्या टोकाला खोली घेऊन एकटे राहायचे. शनिवारी दुपारच्या एसटीनं नांदेडला जायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायचे, आणि सोमवारच्या तासाला त्यांच्या कॉलरवर लोह्यापासून अहमदपूरपर्यंतची सगळी धूळ असायची. कॉलेजनं या वर्गाला अडगळीची खोली दिली होती. तिथे रद्द झालेल्या पाट्यांचा ढीग होता. फळा नव्हता. सरांनी पहिल्याच दिवशी एक लांबलचक 'जिल्हा उस्मानाबाद' उचलला, उलटा करून भिंतीला टेकवला आणि मागच्या काळ्या पत्र्यावर खडूनं लिहायला सुरुवात केली. आमची अरबी अशी उस्मानाबादच्या पाठीवर उमटली, उजवीकडून डावीकडे.

"मराठीत वचनं किती?" सरांनी विचारलं.

"दोन," मी म्हटलं. "एकवचन, अनेकवचन."

"अरबीत तीन. एक, दोन आणि पुष्कळ. दोनाला पुष्कळात नाही ढकलायचं. दोन म्हणजे दोन." त्यांनी पत्र्यावर लिहिलं: जर्रा. घागर. मग तिला 'आन' जोडला. जर्रतान. दोन घागरी. 'दोन' हा शब्द वेगळा लावायची गरजच नाही, दोनपणा शब्दाच्या अंगातच मुरलेला. आणि तिसरं, जिरार. पुष्कळ घागरी.

संस्कृत घेतलेल्या मुलींना द्विवचनाचं कौतुक नसेल. मला होतं. मराठीनं जे कधीच टाकून दिलं, ते इथे रोजच्या वापरात, घासूनपुसून ठेवलेलं होतं.

बालाजीनं हात वर केला. "सर, दोन म्हंजे पुष्कळच की ओ. आमच्या गल्लीत दोन घागरी मिळाल्या तर पुष्कळ म्हनतेत."

सर हसले. "ह्या उन्हाळ्यापुरतं तुझं बरोबर हाय."

मग पुष्कळाचे दोन प्रकार निघाले. मुअल्लिम म्हणजे शिक्षक. शेवटी शेपटी जोडली की मुअल्लिमून, पुष्कळ शिक्षक. शिक्षिका असल्या तर मुअल्लिमात. मूळ शब्दाला धक्का नाही, म्हणून हे साबूत अनेकवचन. पण किताबचं कुतुब. इथे शेपटी नाही. क, त, ब ही हाडं तेवढी जाग्यावर राहिली आणि मधले स्वर बदलले, जसं घर तेच पण आतल्या भिंती पाडून नव्या घातल्या. अरबांनी त्याचं नाव सरळ ठेवलं आहे: मोडलेलं अनेकवचन.

मी वही उघडून बसले होते. "सर, कोणता शब्द मोडायचा आणि कोणता साबूत ठेवायचा, नियम काय?"

"साचे आहेत, बेटा. पण कोणता शब्द कोणत्या साच्यात जाईल ते बहुतेक वेळा त्या शब्दालाच विचारावं लागतं. पाठ करायचं. रोज एक मोडू."

नियम नाही हे मला दोन दिवस खटकलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की जिथे नियम नसतो तिथे यादी लागते, आणि यादी मला येते. मी दोनशे पानी वही घेतली आणि पट्टीनं तीन रकाने आखले. एक, दोन, पुष्कळ. आयुष्यात पुढे किती तक्ते आखले असतील, पण इतका सुबक पुन्हा जमला नाही.

रोज एक शब्द मोडता मोडता आपल्याच घरातले शब्द सापडू लागले. खबरचं अनेकवचन अखबार. हालचं अहवाल, एक हाल, पुष्कळ अहवाल, हे माझ्या पुढच्या नोकरीचं सार मला तेव्हाच कळलं होतं म्हणायचं. कायद्याचं कवाइद, म्हणजे शाळेच्या मैदानावरची आपली कवायत. आणि नायबचं नव्वाब. ही शेवटची बातमी बाबांनी ऑफिसात नायब तहसीलदारांच्या कानावर घातली. "साहेब, तुमी तिघं-चौघं जमले की नवाब होतेत." साहेबांनी त्या दिवशी म्हणे बाबांना स्वतःच्या कपातला चहा दिला.

मोजण्याचा धडा सगळ्यात गमतीचा. तीनपासून दहापर्यंत पुष्कळवालं रूप: तीन घागरी, दहा घागरी. अकराला मात्र वस्तू परत एकवचनात जाते: अकरा घागर, पन्नास घागर.

"कामून सर?" रेहानानं विचारलं.

"गर्दी झाली की माणूस चेहरे बघत नाही, बेटा. नुसता आकडा बघतो."

व्याकरणाच्या कुठल्या पुस्तकात हे कारण असेल असं मला वाटत नाही. आवडलं म्हणून मी समासात लिहून ठेवलं. कळायला दोन महिने गेले.

आता टँकर. गल्लीत तीस घरं. टँकर सकाळी आठला यायचा, कधी दहा-अकरालाही, आणि प्रत्येक घराला दोन घागरी. आधी रांगेत दगड, चपला, फुटके डबे ठेवून नंबर धरायचे, आणि कुणाचा दगड कुणी हलवला यावरून रोज युद्ध. फेब्रुवारीत मी म्हटलं, यादी करू. सगळ्यांनी मान्य केलं, कारण भांडून भांडून घसे सुकले होते. नंबर एक ते तीस, पुढे घराचं नाव, पुढे खूण. बाविसाव्या नंबरच्या आसपास टँकर संपायचा. त्यानंतर पाइपातून गाळ आणि टँकरवाल्याची माफी. खालचे नंबर दुसऱ्या दिवशी वर घ्यायचे असं ठरलं होतं, पण दुसऱ्या दिवशी टँकर येईलच असं ठरलेलं नव्हतं.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. बालाजीनं 'घागर' या शब्दाचं अनेकवचन 'टँकर' लिहिलं आणि सरांनी त्याला अर्धा गुण दिला. आणि त्याच आठवड्यात उपप्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, की पुढच्या वर्षी दोन्ही वर्गांची मिळून दहा नावं नसली तर अरबी बंद. नावं मे महिन्याच्या अखेरपर्यंत द्या. दहा नसली तर सर नांदेडला परत आणि आम्ही तिघं बारावीला एखादा नवाच विषय कोऱ्या पाटीनं सुरू करणार.

आम्ही तीन. हवे होते सात.

सात नावं जमवणं म्हणजे मला वाण्याची यादी भरण्याइतकं सोपं वाटलं. गल्लीत दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघणारी भरपूर होती. मी दारोदार गेले. "आरबी शिकून काय उंट राखू का?" असं उत्तर पाच घरी मिळालं. सहाव्या घरची मंगल दारातच बसून टँकरच्या गाळातलं पाणी फडक्यानं गाळत होती. तिचा नंबर सत्तावीस. माझ्या हातात टँकरची वही होती. पुढचं वाक्य माझ्या तोंडातून कसं निघालं ते मी आजही सांगू शकत नाही, पण निघालं ते स्पष्ट: "अरबीला नाव दे, मी तुला वरचा नंबर देते."

दोन दिवसांत आठ नावं झाली. तीन अधिक आठ, अकरा. एक जास्तच. मी नवी यादी आखली, आठ घरं वर घेतली, बाकीची खाली सरकवली, आणि ती यादी इतकी स्वच्छ दिसत होती की मला तिच्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. कमलमावशीचा नंबर दुसरा होता, तो दहावा झाला. ती रांगेत सगळ्यांसमोर म्हणाली, "लेखनी हातात आली की मानूस तहसीलदार होतंय गं बया." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सरांना फार आनंद झाला होता. त्यांनी नव्या मुलांसाठी सुट्टीतच सकाळी दहाचा वर्ग सुरू केला. चारच दिवस झाले असतील. पाचव्या दिवशी पाट्यांच्या खोलीत अकरा जण दाटीवाटीनं बसले होते, आणि सरांना हौस आली. "एकेकानं सांगा, अरबी का घ्यावीशी वाटली?"

पहिला म्हणाला, "आवड हाय, सर." दुसरी म्हणाली, "आवड हाय, सर." मी तसं पढवलंच होतं. तिसरी मंगल. ती उभी राहिली, ओढणी नीट केली आणि सरळ म्हणाली, "सर, वंदाताईनं मला टँकरचा चवथा नंबर दिला."

सगळी खोली हसली. रेहाना तोंडात ओढणी कोंबून हसली. बालाजी म्हणाला, "आयला, मला न्हाई दिला." फक्त सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि त्या दिवशीचा शब्द न मोडताच वर्ग सोडला.

बाहेर पायरीवर त्यांनी मला थांबवलं. "वही आहे जवळ? गयाबाईचा नंबर कितवा?"

गयाबाई म्हणजे सरांच्या शेजारची एकटी म्हातारी. दिसायचं कमी, पण कमरेवर घागर घेऊन भिंतीच्या आधारानं ती बरोबर रांगेत यायची. मी वही उघडली. "तेवीस."

"आधी?"

"पंधरा."

"तेविसाव्याला काय मिळतं, बेटा?"

मला माहीत होतं काय मिळतं. 

"मी माझ्या दोनातली एक घागर तिला देऊन राहिलो," सर म्हणाले. "मला वाटलं, टँकरच छोटा येऊन राहिला." मग अगदी साध्या आवाजात: "हे बघ, वर्ग बंद झाला तर मी नांदेडला जाईन. तिथं बायको आहे, अंगणात आंबा आहे, माझं काही वाईट होत नाही. तुमचं वर्ष अवघड होईल, त्याचं मला वाईट वाटंल. पण पाण्यावर आलेली नावं मला नकोत. खोडून टाक."

घरी आले. आई भाकरी करत होती. माझं तोंड बघून तिनं विचारलं, "यादीत चूक केलीस काय?"

"यादीत न्हाई."

"मग चूक कुठं हाय तिथं नीट कर," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मी वही समोर घेतली. तीस आकडे, तीस ओळी. फेब्रुवारीपासून रोज ती यादी मी वाचत होते, आणि एकाही आकड्यामागचं माणूस मला दिसलं नव्हतं. अरबीच्या वहीच्या समासातलं ते वाक्य आठवलं: गर्दी झाली की नुसता आकडा. मग मी पट्टी घेतली आणि आडव्या ओळी न आखता उभे तीन रकाने आखले. एक, दोन, पुष्कळ. पहिल्या रकान्यात एकटी घरं: गयाबाई, काझी सर, आणखी दोन. दुसऱ्या रकान्यात जिथे दोघंच राहतात ती. तिसऱ्यात बाकी सगळे, फेब्रुवारीच्या मूळ क्रमानं. एकट्याला एक घागर, दोघांना दोन. उरलेल्यांना आधीसारख्या दोन, पण एकट्यांच्या वाचलेल्या घागरी खालच्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेपुढे उभी राहून मी काय केलं होतं ते सांगितलं, आणि नवी यादी वाचली.  ज्या आठांचा नंबर गेला त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी इथे लिहीत नाही. कमलमावशीनं मात्र बोलून दाखवलं.

"सात पोटं हायत माझ्या घरात, आन म्या पाठीमागं?"

"मावशी, आज बघा तरी, कुठपर्यंत पुरतंय."

पाणी चोविसाव्या घरापर्यंत पोचलं. कमलमावशीनं दोन्ही घागरी उचलल्या, माझ्याकडे बघितलं आणि फक्त "हं" म्हणाली. त्या उन्हाळ्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

दहाच्या वर्गाला आम्ही तिघंच जाऊन बसलो. पाट्यांच्या खोलीत एकदम खूप जागा झाली होती. सर खडूचं टोक घासत बसले. तेवढ्यात दारात मंगल.

"नंबर गेला की गं तुझा," रेहाना म्हणाली.

"गेला. पर रोज एक शब्द मोडू म्हनले सर. काल मोडलाच न्हाई. आज कोनता मोडतेत ते बघाया आले."

सर उठले. मंगलसाठी त्यांनी त्या दिवशी दोन शब्द मोडले. आठवड्याभरात त्या आठातले पाच परत आले. एकाला सरांच्या गोष्टी आवडत होत्या, एकीला खोलीतला गारवा. बालाजीनं एकाला दुबईचं स्वप्न विकलं होतं. तिघं आलेच नाहीत. आठ झाले. दोन कमी. मे संपायला चार दिवस होते.

गल्लीत दहावी दिलेल्या फक्त दोनच मुली उरल्या होत्या, कमलमावशीच्या जुळ्या, निर्मला आणि विमला. त्यांच्याकडे मी मुद्दाम गेले नव्हते, कारण मला मावशीची भीती वाटायची. आता सरच माझ्याबरोबर आले. मावशीनं ओट्यावर पोतं अंथरलं.

"एकीला घाला तुमच्यात," ती म्हणाली. "निर्मी जाईल कालेजात. इमी न्हाई. एक कालेजाला, एक पान्याला, असं म्या ठरीवलंय."

दाराआड विमला उभी होती. तिच्या हातात रिकामी घागर होती आणि ती घागरीच्या तोंडावरून बोट फिरवत होती, गोल गोल.

सर म्हणाले, "कमलबाई, आमच्या भाषेत दोन मुलींना एकच शब्द आहे. बिन्तान. दोन मुली एका शब्दात. ह्यातली एक काढू नका."

मावशीनं पदर खोचला. "लई चांगली भाषा हाय, सर. तुमच्या भाषेत पानी कोन भरतंय?"

 याचं उत्तर व्याकरणात नसतं. पण माझ्याकडे होतं, आणि मला ते द्यायला अर्धं मिनिट लागलं, कारण तोवर मी माझ्या खांद्यांचा विचार करत होते.

"मी," मी म्हटलं. "दोघी वर्गाला जाऊ द्या. तुमच्या नंबरला मी उभी राहीन. घागरी घरात आणून ठेवीन. टँकरला उशीर झाला तर तास माझा बुडेल, त्यांचा नाही."

"कवापर्यंत?"

"पाऊस येईपर्यंत."

"आन न्हाई आला तर?"

"तरी."

 मावशी आत वळून ओरडली, "इमे, ती घागर हिला दे. आन केस इंचर, कालेजात असं जात्यात व्हय?"

विमलानं घागर माझ्या हातात दिली तेव्हा तिचं बोट अजून काठावरच होतं. नावं दिली. कारकुनानं बोट ठेवून मोजली: दहा. त्यानं पुन्हा मोजली, कारण अरबीला दहा हे त्याला पटत नव्हतं.

तो उन्हाळा मी रोज दोन घरांचं पाणी भरलं, आमचं आणि मावशीचं. चार घागरी. दंडांवर काठाचे वळ उठायचे. पण दुःखाचे दिवस म्हणून ते मला आठवतच नाहीत. निर्मला-विमला वर्गातून पळत यायच्या आणि रांगेत उरलेल्या बायकांना त्या दिवशीचा मोडलेला शब्द सांगायच्या. बायकाही पक्क्या. त्यांच्या लक्षात बाकी काही राहिलं नाही, पण एक शब्द राहिला. गयाबाईला दिसायचं कमी, ऐकू सगळ्यांत आधी यायचं. कोपऱ्यावर टँकरचा गिअर बदलला की ती भिंतीवर थापटी मारून हाक द्यायची, "उठा गं, जिरार आले!" आणि सगळी गल्ली हसत घागरी उचलायची. जुलैच्या मध्यावर पाऊस आला. कमलमावशीनं निरोप पाठवला: उद्यापासून येऊ नको. निरोपाबरोबर ताटभर धपाटे.

बाकीचं थोडक्यात. दप्तर वाचायची नोकरी मला लागली नाही. बाबांनी एकदा हौसेनं रेकॉर्ड रूममध्ये नेलं, गाठोडं सोडलं, आणि मी एक शब्द ओळखला, अबवाब, पुष्कळ दारं. पुढचं वाक्य उर्दूत होतं. "एक तरी आलं न्हवं," बाबा म्हणाले आणि गाठोडं बांधलं. बालाजी खरंच दुबईला गेला आणि तिथून पत्र आलं, की इथे पुस्तकातली अरबी कुणी बोलत नाही, सगळे हिंदी बोलतात. रेहानाला तिचे अर्थ मिळाले. आता ती गल्लीतल्या पोरींना सांगते. नोकरीत पहिली नेमणूक हदगावला झाली तेव्हा वाटेत नांदेडला उतरून मी सरांकडे गेले होते. अंगणात आंबा होता, खरंच होता. सर निवृत्त, मुलं आपापल्या गावी. सरांच्या बायकोनं, मामींनी, आंब्याच्या फोडी आणल्या. "आता घरात आम्ही दोघंच," सर म्हणाले. "साबूत द्विवचन." मामींना हा विनोद पाठ असावा, त्या आधीच हसल्या.

निर्मला आणि विमला दोघीही शिक्षिका झाल्या, एक लातूरला, एक उदगीरला. मुअल्लिमतान. दोघींचा मिळून एकच फोन येतो, एकीच्या घरून दुसरीनं केलेला. "वंदाताई, बिन्तान बोलतोय."

काल संध्याकाळी सोसायटीच्या नोटीस बोर्डवर मी या वर्षीची टँकरची यादी लावली. पहिलं नाव तळमजल्यावरच्या आजोबांचं, ज्यांची मुलगी परदेशी आहे. दुसरं क्लाससाठी एकटीच खोली घेऊन राहणाऱ्या मुलीचं, ती पहाटे हाडांची नावं घोकते. तिसरं नर्सबाईंचं. मग दोघादोघांची घरं. मग आम्ही सगळे, फ्लॅट नंबरप्रमाणे. तिसऱ्या मजल्यावरचे नवे भाडेकरू बराच वेळ यादीपुढे उभे होते. ते इंजिनिअर आहेत. क्रम मजल्याचा नाही, आडनावाचा नाही, वर्णानुक्रमे नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

"मॅडम," त्यांनी विचारलं, "हा कुठला क्रम?"

"अरबी," मी म्हटलं, आणि टाचणी नीट दाबली.